पुढच्या मंडईचं आवतण

दिवाळी आटोपली की आमच्या भागात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, त्यामुळे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. घरोघरी मटण शिजतं, दुपारी बाजार भरतो, रात्री नाटक असतं. पोरांचं लक्ष उकडलेल्या शिंगाड्यांवर आणि उसावर, बाप्यांचं नाटकातल्या नटीवर. आमच्या मायचं लक्ष मात्र भांड्यांच्या दुकानावर असायचं.

मुलगी जरा कळती झाली की तिच्या लग्नाची भांडी जमवायला लागायचं, ही तेव्हाची रीत. एकदम सगळी घेणं कुणाला झेपणार? म्हणून दर मंडईत एक. एका वर्षी गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, दुसऱ्या वर्षी भाताचा गंज, मग कधी परात. माय दुकानापुढे उकिडवी बसायची, भांडं उलटं करून बोटाने टिचकी मारायची, आवाज ऐकायची, आणि पसंत पडलं की पदराखाली घेऊन निघायची. घरी आल्यावर ते माळ्यावर जायचं. तिला आम्ही दोघी मुली, ताई आणि मी. पण मायने दर मंडईत एकच भांडं घेतलं आणि ते दरवेळी ताईचं होतं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा न राहवून एका लहानशा गडव्याला, म्हणजे तांब्याला, हात लावला आणि म्हटलं, "हा मले घे ना."

माय म्हणाली, "तुले का करायचा हाय? बांगड्या घे. पायजे तेवढ्या घे."

आणि खरंच तिने मला कोपरापर्यंत बांगड्या भरू दिल्या. ताईला त्या दिवशी एकही मिळाली नाही, म्हणून ती घरी येईपर्यंत गाल फुगवून होती. मीही फुगले होते, पण माझं कारण मला सांगता येत नव्हतं.

कारण असं की मला सिकलसेल आहे. आमच्या जिल्ह्यात हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता शाळेतच रक्त तपासतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं ठणकायला लागतात. ती ठणक ज्याने सोसली नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याने सोसली त्याला सांगायची गरज नाही. माझं दुखणं लहानपणीच उघडं पडलं. बाबांनी मला आमच्या गावाहून, दरेकशाहून, गाडीत घालून आधी गोंदियाला आणि मग नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरने मायला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की अशी मुलं फार दिवस काढत नाहीत, जपा. त्या काळी तेच समजत होतं, त्याला तरी काय दोष द्यायचा. मायने त्यातली दोन्ही वाक्यं मनावर घेतली. मी फार दिवसांची नाही, हे तिने धरून टाकलं. आणि जपलं तर असं की राजाच्या घरी कुणाला जपलं नसेल.

दुधावरची साय माझी. कोंबडीची कलेजी माझी. रोवणीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या बाया-पोरी गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत, ताई त्यांच्यात गाणी म्हणत असे, आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गोणपाट पांघरून बसलेली. थंड पाण्यात उभी राहिले की दुखणं उठतं, हे खरंच होतं. पण मला त्या रांगेत उभं राहायची इतकी ओढ होती की ते हिरवं पाणी अजूनही स्वप्नात येतं. मायच्या मायेत काही उणं नव्हतं, मी शपथेवर सांगेन. फक्त ती सगळी माया आजच्या दिवसाची होती. उद्याचं जे काही होतं, ते माळ्यावर ताईसाठी चढत होतं. ताईला माझी साय दिसायची, मला तिची भांडी दिसायची, आणि दोघी एकमेकींवर जळायचो.

मी मोठी होत गेले. मला कुणी "पुढं का करणार?" असं विचारलं नाही. पाहुणे ताईला विचारत, शेजारच्या मुलींना विचारत, माझ्यापाशी आले की म्हणत, "जेवली का बाई?" विशी उलटली, लग्नाचं वय झालं, तेव्हा तर घरात माझा विषयच कुणी काढेना. माझ्यासाठी पुढचं काही ठरलेलंच नव्हतं. ताईचं लग्न झालं, ती भांडी घेऊन चोरखमारा गावाकडे नांदायला गेली, माळा रिकामा झाला. मी घरीच बसून बी.ए. केलं, तेही वेळ जात नव्हता म्हणून. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. डॉक्टर सांगायचे की भरपूर पाणी पीत जा, तेही मनात आलं तर. वाईटच होणार असं धरून चाललं की एक मोठी सोय असते: काहीच करावं लागत नाही. मला ती सोय आवडायला लागली होती. कुणी काही बेत केला की मी म्हणायचे, "राहिले तर." लोक विषय बदलत, मायचे डोळे भरत, आणि मला त्यात एक दुष्ट समाधान मिळायचं.

पंचविशीनंतरच्या एका हिवाळ्यात दुखणं जोराचं उठलं आणि मला गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलं. शेजारच्या खाटेवर एक भरड्या आवाजाची बाई होती. हाताला सलाईन, आणि दुसऱ्या हातात फोन धरून सुनेशी भांडण चाललेलं. भांडण घराच्या छपराचं होतं. बाईला कवेलू, म्हणजे कौलं, काढून टिन टाकायचं होतं, सुनेला स्लॅबच पाहिजे होता. "स्लॅब उन्हाळ्यात तापते, दहा वर्षांनी गळते, मंग मीच ओरडत बसू का?" असं ती म्हणत होती. मला वाटलं हिला साधा ताप-बिप असेल. नर्स आली, तिच्या उशाशी ठेवलेलं कार्ड उचललं, तर ते माझ्यासारखंच पिवळं. सिकलसेलचं.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिची पन्नाशी केव्हाच उलटली होती. केस पांढरे, दात पानाने लाल, सून आलेली, नातू झालेला. तोवर मी माझ्या दुखण्याची म्हातारी बाई पाहिलीच नव्हती. अशी बाई असू शकते, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं, "तुम्हाला लहानपणी डॉक्टर काय बोलले होते?"

"बोलला का तर," ती म्हणाली. "माझ्या मायले बोलला, ही काई वाचत नाही. तो डॉक्टर मेला, माय मेली, मी हावो अजून." आणि पुन्हा सुनेला फोन लावला.

आठवडाभर आम्ही शेजारी होतो. दुखणं आलं की ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायची, त्यात काही धीर-बीर नव्हता. दुखणं ओसरलं की लगेच छपरावर यायची. पाणी मात्र असं प्यायची की आयाबाई कंटाळत. सुटी मिळाली त्या दिवशी तिने आपलं गाव सांगितलं आणि म्हणाली, "आता पुढच्या मंडईले आमच्या घरी येजो."

मी सवयीने म्हटलं, "राहिले तर येईन."

तिने लुगड्याची घडी घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "मेली तर नको येऊ, कोणी रागावणार नाही. पण जिती असून नाही आली, तर मी पाहून घेईन तुले."

मला हसू आलं. पोटात दुखेपर्यंत हसले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर माझ्या मरणाची कुणी अशी किंमत केली नव्हती. सगळ्यांनी त्याला मखरात बसवून ठेवलं होतं, आणि हिने त्याला पाहुण्याच्या गैरहजेरीइतकं करून टाकलं.

घरी आल्यावर ते आवतण मनात घोळत राहिलं. मंडईला जायचं तर मंडईपर्यंत पुरायला हवं, आणि पुरायचं तर गोळी रोज घ्यायला हवी. असा सरळ हिशेब मी आधी कधी केला नव्हता. जिला पुढच्या दिवाळीनंतर कुणाकडे जेवायला जायचं आहे, तिला आज पाणी प्यावं लागतं, थंडीत मोजे घालावे लागतात, तपासणीची तारीख चुकवून चालत नाही. चांगला विचार केल्याने माझी एकही पेशी गोल झाली नाही, हे मी आजही ठासून सांगते. पण त्या विचारामुळे मी माझ्या अंगाशी नीट वागायला लागले. दुखणी कमी झाली. मधल्या वेळात मी बी.एड.चा अर्ज भरला, कारण मंडईत लोक विचारणार, का करून राहिली, म्हणून.

मंडईला गेले. टिनाचं छप्पर झालेलं होतं. बाईने मला सुनेच्या शेजारी बसवून वाढलं, पुन्हा पुढच्या वर्षीचं आवतण दिलं, आणि मी "येते" म्हटलं. "येते" म्हणायला जीभ अडखळली, एवढं मात्र आठवतं. उमेद ही काही मनात आपोआप उगवणारी गोष्ट नाही, निदान माझ्यासारखीच्या नाही. मला ती रोज उठून चूल पेटवावी तशी पेटवावी लागते, आणि ओली लाकडं मिळाली की धूरच जास्त होतो. वाईट दिवस येतातच. अशा दिवशी मी कुणाला तरी फोन करून पुढच्या महिन्याचा काहीतरी बेत ठरवते, मग तो कितीही फालतू असो.

पुढे नोकरी लागली. गोंदियातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते, म्हणजे हिंदीत भांडणाऱ्या पोरांकडून मराठीत निबंध लिहून घेते. एकदा आमच्या शाळेत एक व्याख्याते आले होते. सगळ्या शिक्षकांना डोळे मिटून उभं केलं आणि म्हणायला लावलं की मी पूर्ण निरोगी आहे, मी यशस्वी आहे. शेजारच्या गणिताच्या सरांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने म्हटलं. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, पण रक्ताला खोटं कळत नाही. चहाच्या वेळी त्या व्याख्यात्यांना सांगावंसं वाटलं की बाबा रे, एखाद्याला मंडईला बोलाव, बाकी तो करून घेईल. पण ते घाईत होते.

हे सगळं झालं तरी एक गोष्ट राहिली होती. मायला काही केल्या पटत नव्हतं. मी कमावती झाले, तिशी गेली, पस्तिशी गेली, पण तिच्यापुढे पुढच्या वर्षाचं नाव काढलं की ती म्हणायची, "पाहू." त्या "पाहू"पुढे माझं काही चालायचं नाही. ते ऐकलं की मी पुन्हा धुऱ्यावर गोणपाट पांघरून बसलेली असायचे. मला तिच्याकडून काही नको होतं. जगाने धरलं नाही तरी चाललं असतं. मायने एकदा, फक्त एकदा, मी राहणार आहे असं धरून बोलावं, इतकीच माझी आस होती. आणि हे मागता येण्यासारखं नव्हतं. मागून मिळालं असतं तर ते माझं मन राखण्यासाठी झालं असतं.

मी नाना प्रकार केले. आजोबांच्या काळापासून आमचं घर बुद्धाचं, म्हणून मी तिला बोधगयेला नेण्याचा घाट घातला. चार महिने आधी आरक्षण केलं, मुद्दाम. तिला सांगितलं, तर म्हणाली, "पाहू, तुले बरं असलं तर." गाडीत बसलो तरी तिच्या पिशवीत माझ्यासाठी शेकायची रबरी पिशवी, तेलाची बाटली, दोन स्वेटर. बोधिवृक्षाखाली सगळे डोळे मिटून बसले होते, आणि ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती. मी चिडले. "माय, मी आज मरत नाही," असं जरा मोठ्यानेच म्हटलं. बाजूच्या भिक्खूंनी मान वळवली. ती म्हणाली, "नाही ना. डोक्याले बांध, हवा हाय."

ताई म्हणते, सोड ना आता, तिचं वय झालं. मी सोडलं असं म्हणायचे, पण सोडलं नव्हतं. पोटच्या पोरीला पुरायची तयारी करून बसलेली माय मला दर शनिवारी दरेकशाच्या घरात भेटत होती, प्रेमाने वाढत होती, आणि मला तिच्या त्या तयारीचा राग यायचा आणि तिची दयाही यायची. तीस-पस्तीस वर्षं एखादी बाई तसं कसं जगली असेल? मी तर फक्त दुखणं सोसलं.

मागच्या वर्षी मायला दम लागायला लागला. पाय सुजले. मी तिला गोंदियाला आणून तपासलं. हृदय थकलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. आता गोळ्यांची आठवण करून देणारी मी आणि तोंड वाकडं करणारी ती. बाबा एरवीही कमी बोलणारे, आता त्यांना विसर पडायला लागला आहे. जेवण झालेलं विसरतात, ताईचं लग्न झालं हे विसरतात, मात्र शेताच्या कोणत्या बांधीत कोणता धान होता ते बरोबर सांगतात.

गेल्या पौषात मी घरी गेले होते. धान कापून झाला होता, दुपारचं ऊन अंगणात आलेलं. बाबा खाटेवर टोपी डोळ्यांवर ओढून पडले होते. माय भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. मी तिच्या शेजारी पाय पसरून बसले आणि शेंगांना हात घातला. तिने मला रागावलं नाही, पाट घे म्हणाली नाही, भुई थंड आहे म्हणाली नाही. ते माझ्या नंतर लक्षात आलं. वरच्या पुलावरून मालगाडी गेली, ती संपेपर्यंत माय थांबली.

मग बाबांकडे पाहत म्हणाली, "मी गेल्यावर याले तूच पाहजो."

माझा हात शेंगेवर थांबला.

"ताईच्या घरी नको पाठवू," माय सांगत राहिली. "तिकडं त्याले करमत नाही. गोंदियाले तुझ्यापाशी ठेवजो. भात मऊ लागते त्याले. आणि जेवला तरी जेवलो नाही म्हणते, तर रागावू नको, दोन घास अजून देजो."

तिचा आवाज अगदी साधा होता. उद्या कुणाकडे विरजण मागायचं ते सांगावं, तसा. माझं मन राखायचं तिच्या गावीही नव्हतं. तिला बाबांची काळजी होती, आणि ती काळजी कुणाच्या हाती द्यायची हे ती ठरवत होती. तिने विचार केला असणार, अंथरुणावर पडल्या पडल्या सगळी माणसं एकेक करून पुढे घेतली असणार, आणि मागे कोण राहणार आहे ते पाहिलं असणार. त्यात तिला मी दिसले.

कुठल्याही लेकीने अशा वेळी मायच्या तोंडावर हात ठेवला असता. असं अभद्र बोलू नको म्हटलं असतं. मलाही ती जायला नको होती. पण हेच वाक्य ऐकायला मी गडव्याला हात लावण्याच्या वयापासून थांबले होते, आणि ते असं, तिच्या जाण्याच्या पोटातूनच येणार होतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी शेंग सोलली, दाणे तिच्या सुपात टाकले.

"अजून सांग," मी म्हटलं.

"थंडीत त्याचे कान झाकजो," माय म्हणाली, "तो स्वतःहून झाकत नाही."